अहो, आवाज कमी करा

भर बाजारात एखाद्या बाईने "अहो" म्हणून हाक मारली की निदान दहा पुरुष मागे वळून बघतात. त्यातल्या नऊ जणांच्या बायका जिवंत असतात. दहावा म्हणजे डिशवाला. बायकोला जाऊन चार वर्षं झाली तरी त्याची मान वळायची, आणि वळली की ओशाळून तो हातातल्या पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करायचा. बाकी साऱ्या जगाकडे त्याला हाक मारायला दुसरे शब्द होते. बहीण दादा म्हणायची, लेक बाबा म्हणायची, गल्ली डिशवाले म्हणायची. अहो म्हणणारं माणूस एकच होतं.

ती हाक मात्र पुरती गेली नव्हती. ती त्याच्या घरात, टीव्हीखालच्या फळीवर, एका काळ्या बॉक्समध्ये होती.

झालं होतं असं. सात-आठ वर्षांपूर्वी एका वाहिनीवर दर बुधवारी दुपारी तब्येतीचा कार्यक्रम लागायचा. लोकांनी फोन करून दुखणं सांगायचं, समोर बसलेल्या डॉक्टरांनी त्यावर उपाय सांगायचा. बायको एका कचेरीत आवक-जावक सांभाळायची. फोन कानाला लावून चिवटपणे वाट बघत राहणं हा तिचा रोजचा उद्योग होता. एका बुधवारी तिला सुटी होती, तेव्हा तिने ठाण मांडलं आणि फोन लागेपर्यंत ती उठली नाही. लावण्यापूर्वी रिमोटवरचं लाल बटण दाबून कार्यक्रम बॉक्समध्ये भरून घ्यायची व्यवस्था तिने केली. म्हणाली, दिसणार नाही, पण ऐकू तर येईन.

प्रश्न तिचा स्वतःचा नव्हता. नवऱ्याच्या गुडघ्यांचा होता.

"डॉक्टर, आमच्याकडे एक गृहस्थ आहेत," तिने सुरुवात केली. "वय चोपन्न. दिवसातून वीस वेळा शिडी चढतात आणि संध्याकाळी गुडघा धरून बसतात. गोळी सांगू नका, ते घेत नाहीत. न घेता लागू पडेल असं काहीतरी सांगा."

निवेदिका हसली आणि म्हणाली, ताई, आधी तुमच्या टीव्हीचा आवाज कमी करा, इकडे घुमतोय. तर हिने फोनवर हातसुद्धा न ठेवता, होती तशीच मान वळवून म्हटलं, "अहो, आवाज कमी करा तो. अहो! ऐकताय ना?"

आणि बायको टीव्हीत बोलते आहे म्हणून आ वासून बसलेल्या त्या गृहस्थाने रिमोट शोधता शोधता दिलेलं उत्तर, लांबून आल्यासारखं, त्याच टीव्हीतून ऐकू आलं. "हं. केला."

घरोघरी पोचलं ते. पुढे महिनाभर गल्लीने त्याला सुखाने जगू दिलं नाही. समोरच्या शिंप्याने तर ताळच सोडला. हा शिडीवर चढला की तो दुकानाच्या पायरीवरून बारीक आवाजात ओरडायचा, "अहो, आवाज कमी करा!" बायकोला त्याचं काही वाईट वाटलं नाही. उलट घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी ती ते दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकवायची. जागा कमी पडली की बॉक्स जुनं आपोआप पुसतो, म्हणून तिने त्याच्यावर कुलपाची खूण करून ठेवली होती. असल्या बाबतीत बाई पक्की होती.

नंतर ती तीन आठवड्यांच्या आजारात गेली. फोटो होते, साड्या होत्या, पाकिटांवरचं अक्षर होतं. आवाज एवढ्या एकाच ठिकाणी होता.

आता डिशवाल्याचं आयुष्य सांगायचं तर ते सगळं छपरांवर गेलं. मिसरूड फुटत होतं तेव्हा तो लोकांच्या घरांवर माशाच्या काट्यासारखे दिसणारे अँटेना बांधायचा. पुढे पैसे भरून बघायच्या टीव्हीची कंपनी आली, तेव्हा तिचा निळा सदरा अंगात घातला आणि बावीस वर्षं घातला. त्या भागातल्या निम्म्या गच्च्यांवरच्या डिश त्याच्या हातच्या. दिशा बघायला त्याला यंत्र लागत नसे. पाण्याच्या टाकीची सावली बघायची, भिंतीला हात लावायचा आणि बोलता बोलता डिश टेकवायची. खाली खोलीतून कुणीतरी ओरडायचं, "आलं, आलं, चित्र आलं," तेव्हा याचा नट आवळून झालेला असायचा.

मग लोकांनी पैसे भरणं सोडलं. कुणी फोनवर बघू लागलं, कुणी इंटरनेटवर, आणि ज्यांना ते जमत नव्हतं त्यांना कळलं की आहे तीच डिश वीतभर दुसरीकडे वळवली, एक स्वस्तातला बॉक्स आणला, की फुकट वाहिन्या दिसतात. कंपनीने फिटर लोकांना भिंतीवरचं एकेक घड्याळ दिलं आणि निरोप दिला. त्याचा निळा सदरा गेला, पोट मात्र राहिलं. तेव्हा ज्या हातांनी डिश लावल्या होत्या त्याच हातांनी त्याने त्या फिरवायला घेतल्या. तीन वर्षांत हजारावर घरं त्याने पैशांच्या आकाशातून फुकटच्या आकाशात नेऊन ठेवली. वाईट वाटत नाही का, असं बहिणीने एकदा विचारलं. तो म्हणाला, न्हाव्याला केसांचं वाईट वाटून कसं चालेल.

कामाची त्याची एक पद्धत होती. जुना बॉक्स कंपनीला परत जायचा आणि तो रिकामा करून द्यावा लागायचा. म्हणून आधी बॉक्स कुलपाच्या खुणांसकट पुसायचा, मग कार्ड काढायचं, मग केबल सोडवायची, आणि शेवटी वर जाऊन डिश फिरवायची. पण पुसण्याआधी तो दर घरी एक प्रश्न विचारी. हा प्रश्न एका म्हातारीमुळे आला होता. तिच्या मुलाला विचारून त्याने एकदा बॉक्स पुसला. मुलगा म्हणाला होता, काही नाही त्यात, जुने सामने आहेत. पाच मिनिटांनी आतल्या खोलीतून म्हातारी आली आणि गाण्याच्या स्पर्धेतली आपली नात मागू लागली. नात तिसऱ्या रांगेत उभी होती म्हणे, नुसती उभी, पण आता परदेशात होती. म्हातारी ओरडली नाही, रडली नाही. रिमोट मांडीवर घेऊन बसून राहिली. ते याच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून तो बॉक्ससमोर उकिडवा बसला की, आतल्या खोलीपर्यंत जाईल अशा आवाजात विचारायचा, "रेकॉर्डिंगमध्ये काही ठेवायचंय का?" उत्तर येईपर्यंत अंगठा बटणावर थांबलेला. घरातलं कुणीतरी म्हणायचं, "छे, काय असणार?" आणि अंगठा चालायचा. उजवीकडे, ठीक, ठीक. झालं.

हजार घरांत हजार वेळा. प्रश्न, छे काय असणार, उजवीकडे, ठीक, ठीक.

एवढं करून त्याच्या स्वतःच्या छपरावरची डिश पैशांच्याच आकाशाकडे बघत होती. गल्लीत ती शेवटची. दर महिन्याला तो निमूट भरणा करायचा, कारण भरणा थांबला की कार्ड मरतं आणि कार्ड मेलं की आत भरलेलं काहीही उघडत नाही. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? शिंप्याने तो कार्यक्रम ऐकला होता, पण तो बॉक्समध्ये भरून ठेवलाय हे त्याला माहीत नव्हतं. तो म्हणायचा, दिव्याखाली अंधार तो हाच. बहीण म्हणायची, सगळ्या गावाला फुकटची वाट दाखवतोस आणि स्वतः टोल भरतोस. यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. सवय आहे.

बहीण त्याच्याहून धाकटी, निवृत्त परिचारिका, नवरा तरुणपणीच गेलेला. वहिनी गेल्यावर दोन पेट्या घेऊन भावाकडे राहायला आली ती कायमची. बोलायला फटकळ. दर बुधवारी दुपारी ती इस्पितळातल्या जुन्या मैत्रिणींकडे जायची. ती जिना उतरली की डिशवाला दाराला कडी लावायचा आणि ते दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग लावायचा. आठवड्यातून एकदाच. जास्त लावलं तर झिजेल, अशी एक वेडी भीती त्याच्या मनात होती. हजारो बॉक्स हाताळलेला माणूस, असं काही झिजत नाही हे त्याला कळत होतं. तरी बुधवारीच.

आणि दर वेळी तो एकच करायचा. बायको "अहो, आवाज कमी करा तो" म्हणाली की रिमोट उचलून खरोखर आवाज कमी करायचा. "हं, केला" म्हणायचा, टीव्हीतल्या स्वतःच्या बरोबरीने. त्यामुळे पुढे डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी काय सांगितलं ते त्याला इतक्या वर्षांत कधी धड ऐकू आलं नव्हतं.

एकदा बहीण पाकीट विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली होती. दाराशी पोचली आणि आतून वहिनीचा आवाज. ती जिन्याच्या पायरीवर बसली, आवाज थांबल्यावरही आणखी दहा मिनिटं बसली, आणि पाकीट न घेताच गेली. भावाला तिने हे कधी सांगितलं नाही. टोल भरतोस हा टोमणाही चालूच ठेवला, नाहीतर त्याला संशय आला असता.

उन्हाळ्याच्या तोंडावर कंपनीचं पत्र आलं. जुने बॉक्स महिनाअखेरीस कायमचे बंद होणार, पैसे भरा किंवा भरू नका. नवा बॉक्स मिळेल. जुन्यातलं रेकॉर्डिंग नव्यात नेता येणार नाही.

लेक दुसऱ्या गावी नोकरी करत होती. तिने फोनवर सांगितलं, "बाबा, टीव्हीसमोर फोन धरा आणि रेकॉर्ड करा. दोन मिनिटांचं काम आहे."

ते त्याला पटेना. टीव्हीसमोर फोन धरून? पंख्याचा आवाज येणार त्यात, खालच्या स्कूटरी येणार. आयुष्यभर लोकांना स्वच्छ चित्र, स्वच्छ आवाज दिला आणि हिचा आवाज घ्यायचा तो असा, भांड्यात बोलल्यासारखा? बॉक्सच्या पाठीतून सरळ तारेने उतरवायचा. तसली पिन आता दुकानात मिळत नव्हती, तर दोन जुन्या केबली कापून, कथलाचा डाग देऊन त्याने स्वतः वायर बनवली. लेकीने तिचं रेकॉर्ड करायचं छोटं यंत्र पाठवलं. मग वायरीत गुणगुण येऊ लागली, ती काढण्यात आठवडा गेला. मग चष्मा सापडेना. मग डिश फिरवायची कामं आली, कारण ते पत्र सगळ्यांनाच आलं होतं.

ही सगळी कारणं खरी होती आणि एकही खरं नव्हतं. एकदा ते उतरवून घेतलं की बॉक्स परत द्यायचा. मग टीव्हीसमोर बसायचं कशाला, आणि बुधवार तरी कशाचा? फोनमध्ये ते रोज ऐकता आलं असतं, रस्त्यात, रांगेत, कुठेही. त्याला ते कुठेही नको होतं.

महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा बहिणीने तोंड उघडलं. रविवारी सकाळी उजेडात हे उरकून टाक, मी बाजारात जाते, दोन तास येत नाही, असं तिने भिंतीकडे बघत सांगितलं. काय उरकायचं ते तिने म्हटलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

रविवारी सगळं मांडून झालं. वायर बॉक्सच्या पाठीत लावली. तिचं दुसरं टोक यंत्रात. शेजारी फुकट वाहिन्यांचा नवा बॉक्स, पाना, पक्कड. हे उतरवून झालं की लगेच डिश फिरवायची, रेंगाळायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. रिमोट हातात घेतला, आणि दारात शिंपी.

"आलात का शेवटी ताळ्यावर?" शिंपी गळ्यातली टेप काढत आत येऊन बसला. "म्हटलं बघावं तरी, डिशवाल्याची डिश कोण फिरवतो ते."

"मास्तर, दुकान नाही का आज?"

"रविवारी कोण मरायला येतंय. चहा सांगा."

त्याच्यासमोर ते लावणं शक्यच नव्हतं. शिंपी मनाने वाईट नव्हता, पण तो आवाज ऐकून त्याने एखादी चेष्टा केली असती, किंवा त्याहून वाईट म्हणजे केली नसती. तेव्हा हा जाईपर्यंत कामात असल्यासारखं दाखवावं, म्हणून डिशवाला बॉक्ससमोर उकिडवा बसला आणि रिमोटने इकडचं पान, तिकडचं पान उघडू लागला. मागे शिंप्याची टकळी चालू होती. दुकानाची पत्र्याची फळी गंजली, जावयाने नवी गाडी घेतली, फुकटात सामने दिसतात का. हा हं हं म्हणत होता. दिसतात, काही दिसतात. सिग्नल चांगला असतो का? असतो, पावसातही टिकतो. बॉक्समधली पानं सरकत होती आणि हात त्यांच्या ओळखीच्या वाटेने निघाले होते. शेवटचं पान आलं. पडद्यावर ओळ आली. सगळी रेकॉर्डिंग कायमची पुसायची? नाही. होय.

आणि मग, ज्या आवाजात हजार घरांत विचारलं होतं त्याच आवाजात, आतल्या खोलीला ऐकू जाईल असं, तो म्हणाला, "रेकॉर्डिंगमध्ये काही ठेवायचंय का?"

"छे," शिंपी मागून म्हणाला, "काय असणार?"

उजवीकडे, ठीक, ठीक.

पडद्यावर एक गोल फिरला. तोही नीट दोन सेकंद फिरला नाही. मग आलं: रेकॉर्डिंग नाही.

तो तसाच बसून राहिला. शिंप्याला वाटलं बॉक्सला वेळ लागतोय. त्याने जावयाच्या गाडीचा रंग सांगितला. डिशवाल्याने रिमोट खाली ठेवला, पुन्हा उचलला, मागच्या पानावर गेला, पुढच्या पानावर आला. रेकॉर्डिंग नाही. त्याने कार्ड काढलं, सदऱ्याला पुसलं आणि परत घातलं. रेकॉर्डिंग नाही.

"बिघडलं का काही?" शिंप्याने विचारलं.

"नाही. बरोबर झालं," तो म्हणाला.

मग जे त्याने केलं ते त्याचं त्यालाही नंतर सांगता आलं नाही. केबल सोडवली, पाना खिशात टाकला, शिडी लावली आणि तो वर गेला. शिंप्याने शिडी धरली. टाकीची सावली बघून वीतभर डिश फिरवली, नट आवळला. खाली उतरून नवा बॉक्स लावला. पहिल्या फटक्यात चित्र आलं, काचेसारखं. शिंपी म्हणाला, तुमच्या हातात जादू आहे बुवा. त्याला त्याने चहा करून दिला.

बहीण दोन तास म्हणाली होती, ती अडीच तासांनी आली. पिशव्या टेकवल्या, चालू टीव्हीकडे बघितलं, नव्या बॉक्सकडे बघितलं. पदराने मान पुसत म्हणाली, "झालं का वहिनीचं उतरवून?"

तेव्हा त्याला कळलं की हिला सगळं माहीत होतं.

"पुसलं गेलं," तो म्हणाला.

"कुणी पुसलं?"

"मी."

तिने उभं आयुष्य लोकांना वाईट बातम्या दिल्या होत्या. आपल्यावर आली की काय करायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती त्याच्यासमोर खुर्चीत बसली. टीव्हीवर, फुकटच्या वाहिनीवर, कुणीतरी कणीक मळायचं यंत्र विकत होतं. मग ती म्हणाली, "पाणी पितोस का?" तो म्हणाला, नको. तिने तरी आणलं.

पुढचे आठ दिवस प्रयत्नांत गेले. कंपनीच्या जुन्या दुरुस्ती विभागात त्याच्या बरोबरीचा एकजण आता स्वतःचं दुकान चालवत होता. त्याने बॉक्स उघडून आतली तबकडी काढली, दोन दिवस ठेवून घेतली आणि तिसऱ्या दिवशी तोंडावर सांगितलं. पुसलेलं एक वेळ वर आणता येईल, पण कंपनीने भरतानाच ते कुलपात भरलेलं असतं, आणि ते कुलूप आता कंपनीलाही उघडत नाही. "तुला मी सांगायला हवं का?" असंही तो म्हणाला. नको होतं. लेकीने वाहिनीला फोन लावले. आईच्या चिवटपणाने लावले, दिवसभर कानाला धरून बसली. शेवटी एका मुलीने सौम्यपणे सांगितलं की फोनवरचे जुने कार्यक्रम सहा महिन्यांपलीकडे ठेवत नाहीत. ती निवेदिका नोकरी सोडून गेली होती. डॉक्टर निवृत्त झाले होते.

शिंप्याला बहिणीने सांगितलं. सांगितलं म्हणजे दुकानात जाऊन सुनावलं. संध्याकाळी तो दाराशी येऊन उभा राहिला, टेप गळ्यातच. आत या म्हटलं तरी येईना.

"मला काय माहीत हो," तो म्हणाला. "तुम्ही विचारलंत, मी आपलं बोलून गेलो."

"तुमची काही चूक नाही, मास्तर. रोज लोकांना विचारतो तसं तुम्हाला विचारलं. मला विचारायचं राहिलं."

त्या दिवसापासून शिंप्याने चेष्टा बंद केली. डिशवाला शिडी घेऊन निघाला की तो मान खाली घालून मशिनीवर बसायचा. खरं म्हणजे इतक्या वर्षांत "अहो, आवाज कमी करा" असं बारीक आवाजात तोच एकटा म्हणत राहिला होता, अगदी वाईट नक्कल, वैताग आणणारी. तीही गेली. एकदोनदा डिशवाला मुद्दाम दुकानासमोर शिडी टेकवून घुटमळला. शिंप्याने वर पाहिलं नाही.

कामं येत होती. तो जात होता. फक्त प्रश्न विचारून झाल्यावर आता तो रिमोट खाली जमिनीवर ठेवायचा, आतल्या खोलीत स्वतः जाऊन डोकावायचा, कुणी अंथरुणावर असेल तर त्यालाही विचारायचा. लोक चिडायचे. एका बाईने तर विचारलं, तुम्ही डिश फिरवायला आलात की शिरगणतीला? हा म्हणाला, घाई नाही, आठवून सांगा.

तीन आठवड्यांनी लेक दोन दिवसांच्या सुटीवर आली. आल्यापासून तिघंही त्या विषयाच्या कडेकडेने चालत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या स्वयंपाकघरात होती, टीव्ही मोठ्याने चालू होता. ऐकायचं असं कुणाला काही नव्हतं, घरात आवाज असावा म्हणून लावलेला. डिशवाला नेहमीच्या जागी, गुडघ्यावर हात ठेवून. लेक येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"बाबा, मला ते पाठ आहे," ती म्हणाली. "मी तेव्हा पलंगावर होते. आणि नंतर आईने किती जणांना ऐकवलं. शब्द न् शब्द पाठ आहे. म्हणू का?"

ती म्हणू लागली.

"डॉक्टर, आमच्याकडे एक गृहस्थ आहेत. वय चोपन्न. दिवसातून वीस वेळा शिडी चढतात आणि संध्याकाळी गुडघा धरून बसतात. गोळी सांगू नका, ते घेत नाहीत..."

आवाज तिचाच होता, आईचा नव्हता. पण "गृहस्थ" शब्दावर ती किंचित रेंगाळली ते बरोबर होतं, आणि "ते घेत नाहीत" म्हणताना जो खालचा सूर लागायचा तोही तिला सापडला होता. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. लेक पुढे गेली. निवेदिकेचं हसणं तिने केलं. ताई, आधी तुमच्या टीव्हीचा आवाज कमी करा, इकडे घुमतोय.

तिथे ती थांबली.

पुढचा शब्द तिला माहीत होता. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. बापाला त्या हाकेने हाक मारायची म्हणजे काय, हे तिच्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. तिने पुन्हा एकदा प्रयत्न केला, मग त्याच्या गुडघ्यावरच्या हाताकडे बघत राहिली. टीव्ही आपला बोलत होता.

डिशवाला थोडा वेळ थांबला, हाक येऊन गेल्यावर थांबावं तेवढा. मग त्याने फळीवरचा रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज कमी केला, एकेक घर करत, अगदी शून्यापर्यंत.

"हं," तो म्हणाला. "केला."

आतून बहिणीने, नाक साफ केल्यासारख्या आवाजात, विचारलं, "आवाज का घालवलास, दादा? हवामान सांगत होते ना?"